सात नंबरचं घर फिरायला गेलं

आमच्या रिसॉर्टमधल्या सात नंबरच्या घराबद्दल पाहुण्यांची एकच तक्रार असायची: समोर चादरी दिसतात.

तक्रार खरी होती. बाकीच्या दहा घरांचं तोंड समुद्राकडे. सात नंबरचं तोंड कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांकडे. सकाळी कोरीव खिडकी उघडावी, तर समोर बेचाळीस चादरी वाऱ्यावर डुलताहेत. एका बाईंनी पाहुण्यांच्या वहीत लिहिलं होतं, 'चादरी अतिशय स्वच्छ आहेत, पण मी त्यांच्यासाठी दोन विमानं बदलली नव्हती.'

घरं म्हणजे आमची जुनी मलय घरं. लाकडी, खांबांवर उभी, खाली कोंबड्यांना फिरायला जागा, वर ताडाच्या झावळ्यांचं छप्पर. आमच्या मालकीणबाई, पुआन रोस्मिनी, यांनी ती ठिकठिकाणच्या गावांतून विकत घेतली, सुटी करून बेटावर आणली, पुन्हा जोडली आणि प्रत्येकात एक बाथटब बसवला. दहा घरं समुद्रापलीकडून होडीनं आली. सात नंबरचं मात्र इथलंच, रिसॉर्टच्या मागच्या गावातलं. पाक तेह दरामानचं.

मी शुक्री. रिसॉर्टमध्ये स्वागताला बसतो, किल्ल्या देतो आणि माहितीपत्रक लिहितो. मीही त्याच गावचा, त्यामुळे माझं खरं काम वेगळंच होतं. पुआन शहरातल्या. त्या वादळाला घाबरत नव्हत्या, सापाला घाबरत नव्हत्या. घाबरायच्या फक्त एका गोष्टीला: आपल्या हातून एखादी परंपरा मोडेल आणि कोणीतरी ते इंटरनेटवर लिहील. त्यामुळे दिवसातून चारदा विचारायच्या, "शुक्री, हे आपल्या परंपरेत बसतं ना?"

"बसतं, पुआन," मी सांगायचो. न बसायला परंपरा काय खुर्ची आहे?

आता पाक तेहची अडचण. त्यानं घर विकलं तीन वर्षांपूर्वी, शहरातल्या मुलाच्या सांगण्यावरून. "बाबा, लाकडाचे दिवस गेले, मी सिमेंटचं बांधून देतो," असं मुलगा म्हणाला होता. चार भिंती उभ्या राहिल्या. छप्पर तेव्हापासून वाटेत आहे. पाक तेह आणि त्याची धाकटी मुलगी हस्नीझा पाक तेहच्या भावाच्या घरी राहतात आणि रोज संध्याकाळी त्या चार भिंतींत जाऊन वर बघून येतात.

तेवढ्यात हस्नीझाचं लग्न ठरलं. मुलाची आई, हज करून आलेली हाज्जा कल्सुम. समुद्रापलीकडची, मोठ्या घरची, बोलायला सुरीसारखी. ठरवाठरवी तिच्याच घरी झाली. तिथं ती म्हणाली, "दरामान, तुमच्या मोठ्या मुलीच्या लग्नाला मी आले होते. काय ती तुमची ओसरी, काय ते कोरीवकाम! मला बाकी काही नको. माझा मुलगा आणि तुमची मुलगी त्याच ओसरीत राजाराणीसारखी बसलेली बघायची आहेत."

यावर माणसानं काय म्हणायला हवं होतं? "हाज्जा, ओसरी विकली." तीन शब्द. पाक तेह म्हणाला, "अहो, मग दुसरीकडे कुठे बसणार?"

हेही तसे चार-पाचच शब्द. पण ते घेऊन तो परतला तेव्हा होडीत एका बाजूला कलून बसला होता म्हणतात.

तो सरळ पुआनकडे आला. एक दिवस घर द्या म्हणाला. पुआन खूश झाल्या. "पाक तेह, आमच्याकडे लग्नाची खास सोय आहे! पाहुणे चाळीस. ढोल हळू. आणि बाहेरचं अन्न चालणार नाही."

पाहुणे चाळीस हे त्यानं ऐकून घेतलं, जरी त्याचे नुसते चुलतभाऊ चाळीसाच्या वर आहेत. ढोल हळू हेही गिळलं. पण 'बाहेरचं अन्न' ऐकल्यावर तो उठलाच. आमच्याकडे लग्न म्हणजे अख्खं गाव तीन दिवस लग्नघरी राबतं. कोणी नारळ खवतं, कोणी मांस कापतं, कोणी नुसतंच शेजारी बसून चुकतंय असं सांगतं. अकरा कढया चढतात.

"गावानं शिजवलेलं बाहेरचं?" पाक तेह म्हणाला. "मग आतलं कुठलं?"

"आमच्या स्वयंपाक्याचं. तो फ्रान्सला शिकलाय."

पाक तेह निघून गेला. लग्नाला तेव्हा तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात चादरींबद्दल पाचवी तक्रार आली आणि पुआननी ठरवलं, सात नंबर हलवायचं. चाळीस पावलं उजवीकडे, समुद्रासमोर. नव्या जागी खांबांसाठी दगडही बसवून झाले. मग कळलं, क्रेन आणायची तर वाटेतली सोळा नारळाची झाडं तोडावी लागतील. पुआन दोन दिवस भिंतीकडे बघत बसल्या. आणि भिंतीवर फोटो होता. जुना, काळापांढरा: शंभरेक माणसं एक अख्खं घर खांद्यावर घेऊन शेतातून चाललीत.

"शुक्री, हे अजून करतात?"

"करतात, पुआन. गेल्याच्या गेल्या वर्षी मुअज्जिनचं घर ओढ्यापासून लांब नेलं. खालून बांबू बांधायचे, सगळ्यांनी खांदा लावायचा. पण सांगणारा लागतो. घराखालच्या माणसाला काही दिसत नाही ना. सांगणारा ओसरीत उभा राहून सांगतो, तसं चालायचं. घर टेकेपर्यंत त्याचा शब्द शेवटचा."

"परंपरा!" पुआनचे डोळे चमकले. "पाहुण्यांना बघायलाही मिळेल. कोण आहे सांगणारा?"

बेटावर सांगणारा एकच उरलाय. पाक तेह दरामान.

मला वाटलं, तो मला हाकलून देईल. मी गेलो तेव्हा तो चहा ढवळत बसला होता. मी सांगितलं. तो ढवळत राहिला.

"माणसं किती म्हणते तुझी पुआन?"

"एकशेवीस. आणि ती माझी नाही, पाक तेह."

"न्यायचं कुठवर?"

"चाळीस पावलं."

"वार?"

"गुरुवार."

"गुरुवार बरा आहे," तो म्हणाला आणि चहा पिऊन टाकला.

लग्न शनिवारी होतं. मी तिथंच बेरीज करायला हवी होती. पण माझं गणित कच्चं आहे, म्हणून तर मी स्वागताला बसतो.

गुरुवारी सकाळी आठला सगळं गाव रिसॉर्टच्या आवारात हजर. नळ तोडले, न्हाणीघराच्या मागच्या दारानं बाथटब बाहेर काढला, घराच्या जमिनीखालून आडवे-उभे बांबू बांधून झाले. माझ्याकडे एकच काम: घर रिकामं आहे ना बघायचं. त्यात हेनिंग नावाचे एक डॅनिश पाहुणे आदल्या संध्याकाळी उतरले होते. निवृत्त माणूस, पोस्टात होते म्हणे. सकाळी सातच्या होडीनं ते खारफुटी बघायला जाणार असं माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

तरी मी नीट गेलो. पायऱ्यांपाशी माठातल्या पाण्यानं पाय धुतले. दाराशी उभं राहून सलाम केला, "अस्सलामु अलैकुम!" उत्तर नाही. दुसऱ्यांदा केला. नाही. तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. नाही. आणि तीन सलामांना उत्तर आलं नाही, तर आपण मागं फिरायचं असतं. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मी मागं फिरलो आणि पुआनना सांगितलं, "रिकामं."

नंतर सगळ्यांनी मला विचारलं, की अरे, तुझ्याकडे किल्ली होती, दार उघडून का नाही बघितलंस? किल्ली होती. पण चौथा सलाम नव्हता.

माणसं घराखाली शिरली. मी पाचव्या बांबूला. माझ्या डावीकडे गावचा पोलीस, कॉर्पोरल वान जुसोह, लुंगीवर. उजवीकडे इमामांचा मेहुणा. वर ओसरीत पाक तेह, पांढरा सदरा, काळी टोपी, एक हात खांबावर. त्या खांबावर त्यानं दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

"बिस्मिल्लाह!" तो ओरडला. "एक... दोन..."

आणि घर उठलं. बाहेरून ते कसं दिसलं, मला माहीत नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या एवढं ऐकू आलं. घराखालून फक्त पुढच्याची मान दिसते. माझ्या पुढे मच्छीमार सालेह होता; त्याच्या मानेवर एक तीळ आहे, तो मी त्या दिवशी पाठ केला.

"विकलं तेव्हा हलकं होतं रे हे," सालेह म्हणाला.

"टूरिस्टांचं खाऊन सुटलंय," मेहुणा म्हणाला.

"घोरतंय कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

"वान असेल."

"मी चालताना घोरत नाही," वान म्हणाला. "फक्त ड्यूटीवर."

मी पावलं मोजत होतो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आता 'थांबा' येणार म्हणून मी गुडघे सैल सोडले.

"डावीकडे!" वरून आवाज आला. "शाब्बास माझ्या वाघांनो, डावीकडे वळा!"

समुद्र उजवीकडे होता. मला वाटलं, वळसा घेऊन नेत असेल. त्रेपन्नाव्या पावलाला वाळू संपली आणि पायाखाली डांबर लागलं. रिसॉर्टच्या आवारात डांबर कुठेच नाही. ते फाटकाबाहेर सुरू होतं.

फाटकातून घर गेलं ते दोन्हीकडे दोन-दोन बोटं राखून. घर आणि फाटक असं एकमेकांना आपोआप बसत नसतं. तेव्हा मला आठवलं, मंगळवारी पाक तेहची वहिनी माक अंडाक त्या फाटकात एक सारोंगचं कापड आडवं ताणून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, वाळवतेय. पाऊस पडत होता.

एव्हाना पुआन घराच्या बाजूनं पळत होत्या. पाय दिसत होते मला त्यांचे, एकाच पायात चप्पल.

"पाक तेह! चुकलं! समुद्र तिकडे!"

"पुआन, खांद्यावरच्या घराशी वाद घालायचा नसतो," वरून शांत आवाज आला. "परंपरा आहे."

"मग खाली ठेवा! ताबडतोब!"

"रस्त्यावर?" पाक तेहचा आवाज दुखावला. "रस्त्यावर टेकलेल्या घराला भटकायची सवय लागते, पुआन. मग ते एका जागी राहत नाही. माझ्या आजोबांच्या मामाचं घर असंच गेलं."

"गेलं म्हणजे?"

"परत आलं नाही."

पुआन वाकल्या आणि दोनशेचाळीस पायांमध्ये मला शोधू लागल्या. "शुक्री! शुक्री, हे खरं आहे का?"

मी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. पण माझ्या खांद्यावर घर होतं, आणि अशा वेळी माणूस बहुमताकडे झुकतो. "खरं आहे, पुआन!"

"मी पोलिसांना बोलावते!"

"हजर आहे, पुआन," वान माझ्या शेजारून म्हणाला. "पण हात मोकळे नाहीत."

त्याच वेळी वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. घर तसंच चालत होतं; पण घराखालची सगळी कुजबुज एकदम थांबली. खिडकी बाहेरून कोणी उघडणं शक्य नव्हतं.

पुढचं मला नंतर पुआननी सांगितलं. खिडकीत मिस्टर हेनिंग. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कपाळावर वर सरकवलेली डोळ्यांची पट्टी. त्यांनी डावीकडे बघितलं, नारळाचं झाड मागे गेलं. उजवीकडे बघितलं, मशिदीची भिंत मागे गेली. मग त्यांनी कानातून मेणाचे दोन बोळे काढले, नीट खिशात ठेवले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग."

"मिस्टर हेनिंग," पुआन धापा टाकत म्हणाल्या, "घाबरू नका. थोडी... थोडी गडबड..."

"मी घाबरलो नाही," हेनिंग म्हणाले. "काल चादरींबद्दल तक्रार करणार होतो. आता नाही करत. न्याहारी कुठे आहे?"

"पोचल्यावर!" पाक तेह ओरडला.

पोचलो. पाक तेहच्या जागेवर, त्या बिनछपराच्या सिमेंटच्या भिंतींपुढे, घराचे जुने दगड होते तिथंच होते. भोवतीचं गवत कालच कोणीतरी कापलेलं. पाक तेहनं दोन बोटं डावीकडे घेतलं, एक बोट मागे, आणि जुन्या चपलेत पाय जावा तसं घर दगडांवर बसलं. घराखालून एकशेवीस माणसं सरपटत बाहेर आली. हस्नीझा काकाच्या घरातून धावत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा! तुम्ही घर चोरलंत?"

"चोरी एकट्यानं करतात," पाक तेह म्हणाला. "ही मिरवणूक होती."

"आणि हे कोण?" ती खिडकीकडे बघत म्हणाली.

"ते आतच होते. पाहुणे आहेत. त्यांना आधी खायला दे."

हेनिंगना केळीच्या पानावर नारळाच्या दुधातला भात, सुकट आणि सांबालची तिखटजाळ चटणी मिळाली. ते घाम पुसत म्हणाले, की रिसॉर्टच्या आमलेटपेक्षा बरं आहे. पुआननी ते ऐकलं. फ्रान्सला शिकलेल्या स्वयंपाक्यासाठी त्यांना वाईट वाटलं असावं.

मग त्या पाक तेहसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आत्ताच्या आत्ता घर परत न्या. एकशेवीस माणसं समोर आहेत."

एकशेवीस माणसं समोर होती खरी. सगळी मांडी घालून जेवत होती.

"जेवलेला माणूस घर उचलत नाही," पाक तेह म्हणाला. "आज नाही. उद्या शुक्रवार, नमाजाचा. परवा लग्न. रविवारी नेऊ, पुआन. जिथं सांगितलंत तिथं, समुद्रासमोर. माझा शब्द."

"तुमचा शब्द तर चाळीस पावलांचा होता!"

"चाळीस झालीच की. नंतरची वरची."

पुआन माझ्याकडे वळल्या. "हे जेवलेला माणूस वगैरे..." त्या म्हणाल्या आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर केला. "राहू दे. तू बोलूच नकोस."

त्यांना जाताही येईना. आपला पाहुणा तिथं, आपलं घर तिथं. एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्या अंगणात पहाऱ्याला बसल्या. माक अंडाकनं जाता जाता त्यांच्या मांडीवर छोट्या कांद्यांची टोपली ठेवली.

"हे काय?"

"सोला."

"मी इथं कामाला आलेली नाही."

"मग लग्नघरी काय करायला आलीयस, पोरी?" माक अंडाक म्हणाली आणि सुरी देऊन निघून गेली.

दुपारपर्यंत एक टोपली झाली. शुक्रवारी त्या पुन्हा पहाऱ्याला आल्या आणि पुन्हा कांदे सोलत बसल्या. संध्याकाळी त्यांनी सालेहला झापलं, की फणसाच्या गुलाईच्या रश्श्याला जाळ जास्त होतोय. हेनिंग त्याच कढईत वल्ह्याएवढा डाव फिरवत होते, लुंगी नेसून, शर्ट काढून, टोमॅटोसारखे लाल. कोणी हातातला डाव मागितला तर देत नव्हते.

खरी धास्ती शनिवारची होती. हाज्जा कल्सुमला कळलं, की ओसरी विकलेली आहे आणि आपल्याला शब्द देणारा माणूस खोटं बोलला, तर ती ढोलवाल्यांसकट परत फिरेल. पाक तेह ते बोलून दाखवत नव्हता. फक्त सकाळपासून तीनदा टोपी बदलली त्यानं. टोप्या तिन्ही काळ्याच.

आम्ही पुरावे झाकायला लागलो. दारावरच्या पितळी सातवर फुलांचं तोरण. एसीवर जरीचं कापड, त्यावर पानाचं तबक. माक अंडाक म्हणाली, कोणी विचारलं तर पूर्वजांची पेटी म्हणून सांगू. छोटा फ्रिज पलंगाखाली. हेनिंगना कंबरेला जरीचं वस्त्र बांधलं, डोक्यावर टोपी ठेवली.

"हे कोण म्हणून सांगायचं?" मी विचारलं.

"माझा चुलतभाऊ," पाक तेह म्हणाला.

"डेन्मार्कचा?"

"माझे चुलतभाऊ सगळीकडे आहेत."

दुपारी ढोल ऐकू आले. नवरदेव छत्रीखाली, मागे ऐंशी माणसं, सगळ्यांपुढे हाज्जा कल्सुम, हिरव्या रेशमात. तिनं पायऱ्यांशी पाय धुतले, ओसरीकडे मान वर करून बघितलं, बराच वेळ. वर आली, तोंडावर पाणी मारायचंय म्हणाली आणि न्हाणीघरात गेली.

न्हाणीघर! सगळं झाकलं होतं, न्हाणीघर राहिलं होतं. बाथटब नव्हता, पण बाथटबाची चार पायांची खूण होती, चकचकीत टाईल्स होत्या, आणि भिंतीवर मी स्वतः ठोकलेली पाटी होती: 'टॉवेल पुन्हा वापरायचा असेल तर दांडीवर ठेवा. पृथ्वी तुमची आभारी आहे.'

हाज्जा बाहेर आली. टॉवेल दांडीवर ठेवूनच आली असणार. ओसरीच्या मधोमध उभी राहिली. हस्नीझा आतल्या पडद्याआड सजून बसलेली, नवरदेव पायरीवर एक पाय वर, एक खाली.

"दरामान," हाज्जा म्हणाली, "हे घर तुमचंच ना?"

ढोल थांबले. ढोल थांबले की आमच्या गावात कोंबड्या ऐकू येतात, त्या ऐकू आल्या. सगळ्या गावानं पुआनकडे बघितलं. त्या कढईशेजारी उभ्या होत्या, हातात कांद्याची सुरी. एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर संपलं होतं. त्यांनी सुरीकडे बघितलं, मग पाक तेहकडे. मग पुढचा कांदा घेतला.

मी पाक तेहच्या तोंडाकडे बघत होतो. गुरुवारपासून त्या माणसानं नऊ परंपरा जन्माला घातल्या होत्या. दहावी कशी असेल याची मला उत्सुकता होती.

"नाही, हाज्जा," पाक तेह म्हणाला. "विकलं. तीन वर्षं झाली. तुमच्या घरी बोललो तेव्हाही विकलेलंच होतं." त्यानं टोपी काढली. "तेव्हा सांगायची लाज वाटली."

पडद्याआडून हस्नीझाच्या बांगड्या वाजल्या. नवरदेवानं वरचा पाय खाली घेतला.

"ठाऊक आहे," हाज्जा म्हणाली.

"ठाऊक?"

"ठरवाठरवीनंतर आठवड्याभरानं मी माझ्या बहिणीबरोबर इथं आले होते. तिच्या नावानं रिसॉर्टमध्ये उतरले. ह्याच घरात दोन रात्री झोपलेय मी. समोर चादरी होत्या."

"मग... मग तेव्हापासून बोलला नाहीत?"

"बघायचं होतं, तुम्ही काय करता ते. मला वाटलं कारण सांगाल. वाळवी लागली, खांब मोडला, मेहुणा वारला. अकरा कारणं मी मनात लिहून ठेवली होती, कुठलं येतंय बघू म्हणून." तिनं ओसरीच्या खांबावर हात फिरवला. "घर उचलून आणाल हे त्या यादीत नव्हतं."

कोणीतरी हसलं. बहुतेक हेनिंग; त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण तो माणूस योग्य वेळी हसायचा.

"कोणी उचललं?" हाज्जानं विचारलं.

अंगणातून एकशेवीस हात वर गेले. वानचाही. मग आपण पोलीस आहोत हे आठवून त्यानं तो डोक्यावर नेऊन केस सारखे केले.

"आणि परत कधी न्यायचंय?"

"उद्या," पाक तेह म्हणाला.

"मग माझी ऐंशी माणसंही थांबतील. नाहीतरी दोन दिवस फुकट खाऊन त्यांचं काय होणार आहे?" ती पायरीकडे वळली. "आणि तू काय खाली-वर करतोयस रे? एकदा ठरव. वर ये. भात निवतोय."

नवरदेव वर आला. हस्नीझा बाहेर आली, सोनेरी वस्त्रात, नाकाचा शेंडा लाल. दोघांना ओसरीत मांडलेल्या सिंहासनावर बसवलं. ढोल पुन्हा सुरू झाले, मुळीच हळू नाहीत. आता वडीलधाऱ्यांनी एकेक करून पानांच्या जुडीनं सुगंधी पाणी शिंपडायचं, खांद्यांवर तांदूळ टाकायचे. पहिला मान कोणाचा यावरून आमच्याकडे भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पाक तेह सरळ अंगणात गेला आणि पुआनपुढे उभा राहिला.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "घर तुमचं. सुरुवात तुम्ही करा."

पुआननी सुरी माझ्या हातात दिली, ओढणीला हात पुसले, पायऱ्यांशी पाय धुतले आणि वर गेल्या. तीन दिवस त्या हातांनी कांदे सोलले होते. नुसता पुसून जाणारा तो वास नव्हता. त्यांनी पानं पाण्यात बुडवली, दोघांच्या हातांवर शिंपडली आणि खांद्यांवर तांदूळ टाकायला जवळ वाकल्या.

हस्नीझाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलाकडच्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली: बघा, बापावर किती जीव आहे पोरीचा! नवरी रडणं आमच्याकडे फार चांगलं मानतात.

मग नवरदेवही रडायला लागला, तिच्यापेक्षा जास्त.

"हा कशाला रडतोय?" हाज्जानं विचारलं.

"दमला असेल," पाक तेह म्हणाला आणि डोळे पुसत पुआनच्या हातून पानं घेतली.